बुडेल तो आलू पास

खापा ते लकडगंज या पट्ट्यात आलू नुसता हातात घेऊन त्याच्या पोटात काय आहे ते सांगणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! सांगतो म्हणजे हमखास सांगतो. खरं निघत नाही, ती गोष्ट वेगळी. आमची म्हैस माझ्यापेक्षा चांगली पारख करते. तिला न आवडलेला आलू ती निदान टोपल्यात सोडून देते. मी तोच आलू पोत्यात भरून विकायला न्यायचो.

किस्से हे आलूच्या ढिगासारखे असतात. वरचा एक उचलायला जावं, तर खालचे पायाशी घरंगळत येतात. आणि त्यात एखादा नासका निघतोच. त्याचा वास एकदा हाताला लागला की साबण लावून जात नाही. तर मी हसत हसत सांगतो, तुम्हीही हसत हसत ऐका, आणि वास आला तर नाक धरा.

हे सगळे किस्से शकूबाईच्या शेडमधले. कन्हान नदीच्या काठानं आमची वावरं, आणि खाप्यात शकूबाईचं उपासाच्या आलूचिप्सचं शेड. थंडी सरता सरता आलू निघाला की आम्ही तिच्याकडे माल टाकायचो. तिच्या बाया आलू सोलायच्या, काप करायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि गच्चीवर धोतरं-लुगडी अंथरून वाळवायच्या. वाळलेला माल नागपुरात लकडगंजच्या सेठकडे. शकूबाईचं घर बौद्ध, उपासतापास तिला माहीत नाहीत. म्हणायची, "मी एक उपास करत नाही, पण अख्ख्या नागपूरचे उपास माह्याच चिप्सवर निघतात!"

तिची अट एकच. चिप्स कढईतून पांढरा निघाला पाहिजे. लाल निघाला की सेठ माल परत करणार. माल परत आला की शेड बंद, आणि शेड बंद म्हणजे सोलणाऱ्या सगळ्या बाया घरी. हे ती आम्हाला दर हंगामात सांगायची. आम्ही दर हंगामात मान डोलवायचो. मान डोलवायला कुठं काय लागतं!

* * *

चिप्स लाल का निघतो, हे आम्हाला कृषी सहायक मॅडमनी एकदा शकूबाईच्या शेडमध्ये येऊन समजावलं. आलूत सत भरलं की, म्हणजे पुस्तकात ज्याला पिष्ट म्हणतात ते, आलू जड होतो. युरिया जास्त झाला की आलू नुसताच फुगतो. आत पाणी आणि साखर. साखर तेलात जळते आणि चिप्स लाल होतो. ओळखायचं कसं? मिठाचं पाणी करा आणि आलू त्यात टाका. सतवाला आलू बुडतो, पाणीवाला तरंगतो.

आम्ही सगळे हसलो. शकूबाई हसली नाही. उठली, आत गेली आणि ॲल्युमिनियमची बादली घेऊन आली.

त्या दिवसापासून तिच्या शेडच्या दारात ती बादली. आधी आलूचा इंटरव्ह्यू, मग वजनकाटा.

पहिला इंटरव्ह्यू आमच्या डोमाजीच्या आलूचा. डोमाजी माझा धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागलेला शेजारी. युरियावर त्याचं असं प्रेम की लग्नात अक्षता म्हणून युरिया मिळाला असता तर त्यानं तोच टाकला असता. त्याचा आलू नारळाएवढा! त्यानं तो बादलीत सोडला. आलू एक गिरकी घेऊन वर आला आणि आरामात तरंगू लागला.

डोमाजी म्हणाला, "पाहा बाई, पोहता येते त्याले!"

शकूबाई म्हणाली, "मंग नदीत सोडा. इथं काहून आणला?"

मग माझा नंबर. माझाही तरंगला. आता मी काय गप्प बसणार? म्हणालो, "बाई, तुमच्या या बादलीत मले टाकलं त मी पण तरंगन!"

तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तरंगानच नत्थूजी. आत काही असतं त बुडले नसते का?"

सोलणाऱ्या बाया इतक्या हसल्या की त्या दिवशी आलू कमी आणि बोटं जास्त सोलली गेली.

* * *

मॅडमची शेतीशाळा मारुतीच्या पारावर भरायची. मॅडम नवीन, स्कूटीवर यायच्या, उन्हाचा स्कार्फ तोंडाला बांधलेला. आम्ही त्यांचं तोंड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धा हंगाम संपला होता.

त्या सांगायच्या, "दादा, सत पानात तयार होतं. ते खाली आलूत जायला पाहिजे. तुम्ही उशिरापर्यंत युरिया देत राहिलात की झाड नवीन पानंच काढत बसतं, आलू भरत नाही. पोटॅश हा हमाल समजा. वरचा माल खाली नेऊन टाकतो."

मी म्हणालो, "मॅडम, आमचा हमाल संपावर हाय!"

डोमाजीनं त्याहून मोठा मुद्दा काढला. "मॅडम, तुमी म्हणता कमी टाका. खतवाला म्हणते जास्त टाका. खतवाला चहा पाजते. तुमी काय पाजता?"

मॅडम पुढच्या वेळी आल्या ते थर्मास घेऊन! आलं घातलेला चहा, वर पार्ले बिस्किटं. सगळ्यांना कप भरून दिले. डोमाजीनं तर दोनदा घेतला. मन लावून ऐकलं आम्ही. काहींनी लिहूनपण घेतलं.

चहा पिऊन आम्ही उठलो, आणि सरळ खतवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे भजे होते.

मॅडम त्या हंगामात अजून कितीदा तरी आल्या. थर्मास मात्र पुन्हा आणला नाही.

* * *

असं नाही की आम्ही काहीच ऐकलं नाही. डोमाजीनं एकदा पोटॅश आणलं. लाल आणलं. मॅडम वावरात आल्या, म्हणाल्या, "दादा, काही नाही त्याहून हे बरं. पण चिप्सच्या आलूला पांढरं पोटॅश द्यायचं. लाल पोटॅशात क्लोराइड असतं, सत थोडं कमी भरतं."

डोमाजीनं कपाळाला हात लावला. "आता खतातबी गोरं पाह्यता का मॅडम? पोरीसाठी स्थळ पाहून राहिलो का मी!"

गावभर हा किस्सा मीच फिरवला. लोक पोट धरून हसले. मॅडमही हसल्या, पण जरा उशिरा.

आणि खरी गंमत तर पुढं आहे. लाल पोटॅश टाकलं म्हणून डोमाजीला वाटलं आता आपला हात मोकळा झाला. त्यानं त्यावर नेहमीचा युरिया दिला, आणि आलूची खुशाली म्हणून थोडा वरून दिला.

* * *

एकदा मी शकूबाईच्या बादलीकडूनच आलू पास करून घेतला.

गोष्ट सोपी होती. मीठ जास्त म्हणून आलू तरंगतो ना? मग मीठच कमी करा! बाई आत चुलीपाशी गेलेली पाहून मी बादली अर्धी ओतून दिली आणि नळाचं पाणी भरून ठेवलं. डोमाजीला यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मजा काय राहिली?

डोमाजीनं आलू टाकला. डुबुक्! दुसरा टाकला. डुबुक्! पोतंच्या पोतं बुडालं. डोमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं हो! बायांना म्हणाला, "पाहून घ्या वं, पाहून घ्या! अन् म्हणत होत्या डोमाजीच्या आलूत काही नाही!" एकीनं टाळ्या वाजवल्या. मी तर लग्नातल्या वरबापासारखा सगळीकडे पाहत उभा होतो.

शकूबाई बाहेर आली. बुडालेले आलू पाहिले. डोमाजीचं तोंड पाहिलं. मग माझं तोंड पाहिलं. पाण्यात बोट बुडवून चाटलं.

"नत्थूजी, मीठ कोणं खाल्लं?"

आम्ही सगळे हसलो. डोमाजी नाही हसला. त्यानं बुडालेले आलू एकेक करून बाहेर काढले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि पोत्यात भरले. तरी शकूबाईनं तो माल घेतला. दुसऱ्यांच्या चांगल्या आलूत मिसळून चालवून घेते म्हणाली. "तुमचा दोस्त हाय म्हणून नाही," मला म्हणाली, "त्याचं तोंड पाहून घेतला."

तो माल तिनं घ्यायला नको होता.

* * *

चिप्सचे काप पाण्यात टाकले की टपाच्या तळाला पांढरं सत बसतं. वरचं पाणी ओतलं की खाली रांगोळीसारखं राहतं. शकूबाई ते वाळवून ठेवायची आणि त्याची खळ करायची. बुद्धपौर्णिमेला तिचं पांढरं लुगडं असं कडक उभं राहायचं की ती विहाराच्या दारातून आत गेली तरी लुगडं मागून येतंय असं वाटायचं!

बायांना पण ती थोडं थोडं द्यायची. पौर्णिमेच्या दिवशी शेडमधल्या बाया ओळखू यायच्या. खळ दिलेल्या लुगड्यांचा खसखस आवाज करत जायच्या, जशी पिंपळाची पानं.

पण आमचा आलू फुगत गेला, बाई तो असाच मिसळून चालवून घेत गेली, तसं तळाचं सत पातळ होत गेलं. एका वर्षी तर टपात खरवडून काढावं लागलं. खळ शिजवली, ती घट्टच होईना. पौर्णिमेला शकूबाई समोरून आली, लुगडं असं लोळागोळा, जसं तापातून उठलेलं.

मी रस्त्यात थांबवून म्हणालो, "बाई, आज लुगडं आजारी हाय का?"

ती म्हणाली, "तुमच्याच आलूचं सत नेसून आहो नत्थूजी. जेवढं दिलं तेवढं दिसून राहिलं."

आणि विहारात निघून गेली. आवाज नाही, काही नाही.

मी घरी येऊन बायकोला हा किस्सा सांगितला. तिला हसू आलं नाही. मी म्हटलं, तुला जोक समजत नाही. ती म्हणाली, "मले समजला. कोणावर झाला ते तुमाले समजलं का?"

* * *

लकडगंजच्या सेठचा निरोप आला तेव्हा शकूबाई मला सोबत घेऊन गेली. का नेलं कोण जाणे. बहुतेक माझाच आलू जास्त होता त्यात.

सेठ माणूस चांगला. आधी पाणी दिलं, मग दुकानातच स्टोव्हवर कढई ठेवली. शकूबाईच्या पाकिटातले चिप्स टाकले. आम्ही तिघं कढईवर वाकलो. चिप्स फुलले, आणि फुलता फुलता तांबडे झाले. कौलासारखे!

सेठनं एक काढून हातावर घेतला. "बाई, ये चिप्स है या कवेलू? उपास का माल है. लोग ये देखेंगे तो डर के उपास ही छोड देंगे!"

मी हसलो. जोक चांगला होता, काय करू! मग पाहिलं, तर सेठ हसत नव्हता. म्हणाला, "आपका माल आंख बंद करके लेता था मैं. अब नहीं होगा बाई. बुरा मत मानना."

पोती परत टेम्पोत चढवली. शकूबाई समोर ड्रायव्हरजवळ, मी मागं पोत्यांवर. खाप्याचा रस्ता लांब, माझी जीभ वळवळायला लागली. मी समोर वाकून म्हणालो, "बाई, आता या चिप्सनं घर शाकारून घ्या. पावसाळ्यात गळणार नाही!"

ती समोर रस्त्याकडेच पाहत होती.

मला वाटलं टेम्पोच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. म्हणून मी तोच जोक पुन्हा केला. जरा मोठ्यानं.

* * *

शेड बंद झालं. शकूबाईनं मोठी कढई विकली. टप बायांना वाटून दिले. ती लेकीकडे नागपूरला रामदासपेठेत राहायला गेली. लेक तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. जायच्या दिवशी मला बादली दिली. "घ्या नत्थूजी, तुमाले हिचा लय राग होता."

मी त्यात म्हशीला सरकीची ढेप भिजवायला लागलो.

शेडच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. सोलणाऱ्या बायांपैकी काही वीटभट्टीवर जातात, एक-दोघी घरीच बसल्या. रस्त्यात भेटतात. पौर्णिमेला पण भेटतात. लुगडी पॉलिस्टरची, त्यांना खळ लागत नाही.

आमचा आलू मंडीत जायला लागला. मंडीत बादली नाही, काही नाही. मोठा दिसला की चालला! डोमाजी खुश व्हायला पाहिजे होता. पण एकदा मंडीतून परत येताना म्हणाला, "नत्थू, तिथं कोणी पोहता येते का म्हणूनबी विचारत नाही बे."



* * *

आता शेवटचा.

यंदा युरिया आलाच नाही. म्हणजे आला, पण आमच्यापर्यंत आला नाही. खतवाल्याकडे रांगा लागायच्या, शटर अर्धं वर व्हायचं आणि पुन्हा खाली. भजेसुद्धा बंद! आलूला पाहिजे तेव्हा युरिया नाही, आणि आला तेव्हा आलू काढायला आलेला. मॅडमकडे प्रात्यक्षिकासाठी पांढरं पोटॅश आलं होतं. म्हणाल्या, "टाकून तरी पाहा." रिकाम्या हातानं बसण्यापेक्षा म्हणून आम्ही ते टाकलं. शेणखत होतंच. पाणीही मॅडमनी सांगितलं तेव्हा तोडलं, कारण त्या रोज स्कूटी घेऊन मोटरीजवळ उभ्या!

आलू निघाला. लहान. मुठीत मावणारा, खरबरीत सालीचा. डोमाजी तर रडकुंडीलाच आला. मी सहज एक कापला. सुरीला पांढरी पिठी चिकटून आली. बोटावर घेतली, घासली, तर बोट कोरडं! मी डोमाजीकडे पाहिलं. डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. दोघंही सरळ गोठ्यात गेलो. म्हशीपुढची बादली ओढली, घासली, मीठ आणलं.

सगळे बुडाले. एकूण एक!

डोमाजी म्हणाला, "नळाचं त भरलं नाही ना बे?" आणि स्वतः बोट घालून चाटलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत आलू, हातात बादली, असे आम्ही नागपूरच्या बसमध्ये. कंडक्टर म्हणाला, "काका, दूध काढायले चालले का शहरात?" मी म्हटलं, "हो, माणसाचं!" पण मन लागत नव्हतं जोकमध्ये. वाटेत मी डोमाजीला पढवून ठेवलं, "युरियाचं काही बोलू नको. बाईले सांगायचं, आमी समजून उमजून बंद केला. तुमच्यासाठी केला."

डोमाजी म्हणाला, "हो. तसंच केलं आपण." दोन स्टॉप गेल्यावर तर त्याला ते खरंच वाटायला लागलं. मलाही.

शकूबाईनं दार उघडलं. वाळली होती. केस सगळे पांढरे. बादली पाहिली आणि मग आमच्याकडे पाहिलं. "या. म्हैस कशी हाय?"

स्वयंपाकघर इतकं लहान की डोमाजीला दारातच उभं राहावं लागलं. तिनं बादली नळाखाली धरली. मीठ टाकलं, हातानं ढवळलं. आलू सोडण्याआधी बोट बुडवून चाटलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी कान धरले.

आलू सोडले. बुडाले. तिनं हात घालून तळातला एक काढला, पुन्हा सोडला. पुन्हा बुडाला.

मग लेकीची छोटी कढई गॅसवर ठेवली. दोन आलूचे काप केले, कागदासारखे. तेलात सोडले. आम्ही तिघं वाकून पाहत होतो, जसं लकडगंजला पाहिलं होतं. काप फुलले, उलटे झाले, पांढरेच राहिले. दुधासारखे पांढरे. तिनं झाऱ्यावर काढले, पण ताटात घालेना. तशीच झारा धरून उभी.

डोमाजीला राहवेना. "बाई, आमी समजून उमजून युरिया सोडला. तुमच्यासाठी!"

मी पुढं सरकलो, जुन्या ताठ्यात. "आता त पास म्हणा बाई! एका हंगामात आलू सुधरवून आणला!"

शकूबाईनं झारा ताटात उपडा केला. गॅस बंद केला. पदरानं हात पुसत म्हणाली,

"पास हाय गा. आलू त एका हंगामात सुधरला. तुमाले काहून एवढे वर्ष लागले?"